बाप्तिस्म्याचा दाखला आणि सहा अक्षरांचा चरण

ख्रिस्ती श्रद्धेवरचे एखादे पुस्तक घ्यायचे, महिना-दीड महिना ते वाचायचे, त्यातून सुचेल ते गीत रचायचे आणि एका संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांना गाऊन दाखवायचे. कल्पना एवढीच. पण तिला ‘स्पर्धा’ हे नाव पडले आणि वादाला तोंड फुटले. सोलापुरात यावरून जी वादावादी कानावर पडते ती ऐकली की वाटते, पुस्तक अजून कुणी उघडलेलेच नाही. एकाचे म्हणणे, भक्तीची कसली स्पर्धा लावता? दुसरा म्हणतो, खुशाल लावा, पण बाप्तिस्मा झालेल्यांनाच घ्या. तिसरा मंडळीबाहेरचा, म्हणजे चर्चच्या समुदायात नसलेला, त्याला यात धर्मांतराचे आमंत्रण दिसते. चौथा पुस्तक मांडीवर घेऊन बसला आहे. गाण्यात त्याहून वेगळे एक वाक्य आले की तो परीक्षकांना जाब विचारणार. चौघांचेही बोलणे गाणाऱ्याभोवती फिरते. गाण्याबद्दल चकार शब्द नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. स्पर्धा व्हावी. ती सर्वांना खुली असावी. आणि परीक्षकांनी कवीच्या श्रद्धेला एकही गुण देऊ नये, कारण श्रद्धा मोजायचे माप कुणाकडेच नाही. शब्द, चाल आणि समूहाच्या गळ्यात बसण्याची ताकद, एवढे मोजता येते आणि तेवढेच मोजावे. ‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द पत्रिकेवर छापून मैत्री होत नसते. ती नियमांत बांधावी लागते, आणि नियम कसे बांधायचे याचाच विचार या वादात कुणी केलेला नाही.

पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. तो हसण्यावारी नेता येणार नाही. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे, असे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातच सांगितले आहे. आई गेल्यानंतर कुणी चार कडवी लिहिली आणि त्यावर शंभरपैकी 41 गुणांचा कागद हातात पडला, तर त्या माणसाने काय समजायचे? बक्षिसाचा दुष्परिणामही खरा आहे. भजन स्पर्धा ऐकणाऱ्यांना हे ठाऊक आहे. यंदा ज्या मंडळाने भैरवीत तीन तिहाया (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे) घेऊन ढाल नेली, त्याच भैरवीत त्याच तिहाया पुढच्या वर्षी निम्मी मंडळे घेतात. परीक्षक ओळखून लिहिलेले गाणे भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखे असते, भिंत काढली की आडवे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीची उपमा दिली आहे खरी, पण तिचा आधार घेऊन स्पर्धेचे समर्थन करणे लबाडीचे आहे. ती शर्यत संयमाची होती, ढाल नेण्याची नव्हती.

एवढे मान्य करूनही विचारतो, मराठी भक्तीची सगळी परंपरा दार लावलेल्या खोलीतली आहे काय? कलगी-तुऱ्याचे फड काय करत होते? कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. समोरासमोर उभे राहून रात्ररात्र भेदिक लावण्या म्हणायचे. एका बाजूने पुराणातले किंवा वेदान्तातले कोडे गाण्यात घालायचे, दुसऱ्या बाजूने त्याचे उत्तर गाण्यातच द्यायचे. हार-जीत होती, चुरस होती, शिवाय टोमणेही होते. पण त्या भांडणाची गंमत अशी, की प्रतिपक्ष नसेल तर फडच उभा राहत नाही. समोरच्याने अवघड प्रश्न घातला तर आपली लावणी अधिक चांगली होते. शिव थोर की शक्ती थोर हा काही किरकोळ प्रश्न नव्हे. तरी लोकांनी तो डफ-तुणतुण्यावर सोडवायला घेतला आणि त्यात कुणाला देवाचा अपमान दिसला नाही. आणि सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये. शाहीर राम जोशी या गावचा. 18व्या शतकात वैदिक घराण्यात जन्मलेला हा माणूस तमाशाच्या फडात रमला, घरच्यांच्या रोषाला पात्र झाला, पुढे पंढरपुरात संस्कृत शिकला आणि कीर्तनालाही उभा राहिला. ज्या गळ्यातून लावणी आली त्याच गळ्यातून मोरोपंतांच्या आर्याही आल्या. फड आणि देऊळ यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी जाड कधीच नव्हती.

म्हणजे भक्तीला चुरस परकी नाही. परके आहे ते रोख बक्षीस आणि जाहीर गुणपत्रक. ती दोन्ही काढून टाकली की पहिल्या आक्षेपातला बराचसा दम संपतो. बक्षीस काय असावे? निवडलेली तीन गाणी वर्षभर उपासनेत आलटूनपालटून गायली जावीत आणि सगळ्या गाण्यांची सुरावटीसह एक पुस्तिका निघावी. ज्यांची निवड झाली नाही त्यांना गुण सांगूच नयेत. त्याऐवजी प्रत्येक परीक्षकाने दोन ओळी लिहून द्याव्यात: कुठली ओळ लक्षात राहिली आणि कुठे गाणे अडखळले. आई गेलेल्या माणसाला 41 गुणांचा उपयोग नसतो. ‘तिसऱ्या कडव्यात चाल वर जाते तिथे शब्द मिटतो’ याचा असतो.

दुसरा आक्षेप दाखल्याचा. यामागची भावना मी समजू शकतो. सोलापुरातली ख्रिस्ती वस्ती लहान. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम 19व्या शतकाच्या उत्तरार्धात इथे रुजले, शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. तरी शहराच्या सांस्कृतिक कार्यक्रमपत्रिकेत या लोकांच्या वाट्याला नाताळची एक संध्याकाळ येते. त्यातून आपले म्हणून एक व्यासपीठ उभे करावे आणि तिथेही मुशायऱ्यात मुरलेला, चार संग्रह निघालेला कुणी येऊन पहिला नंबर घेऊन जावा, हे सलणारच. दुसरी गोष्ट अनुभवाची. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन बाकावर बसून वधस्तंभावरचे सात उद्गार ज्याने कधी ऐकलेले नाहीत, त्याला त्या तीन तासांतली शांतता कशी कळणार? तो ‘क्रूस’ या शब्दाला यमक शोधेल आणि पुढे जाईल. हा धोका खोटा नाही.

पण दाखल्याने तो टळतो का? नारायण वामन टिळकांचेच उदाहरण घ्या, कारण मराठी ख्रिस्ती गायनाची गोष्ट त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. मधली दोन वर्षे हा माणूस ते पुस्तक वाचत होता, झुरत होता, टोपण नावाने लिहीत होता. 1894 साली कुणी अशी स्पर्धा भरवली असती आणि अर्जासोबत दाखला मागितला असता, तर पुढे अडीचशेच्या वर भक्तिगीते लिहिणारा कवी दारातूनच परत गेला असता. आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या बदलल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य याच बाईंनी पुरे केले. पुस्तक वाचणे आणि ते पटणे यांच्यामध्ये जी वाट असते, तिच्यावर चालणारा माणूस बहुधा सगळ्यात चांगले गाणे लिहितो. दाखला मागणारा नियम नेमका त्यालाच गाळतो.

आणखी मागे जा. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात जन्मले, 1579 साली गोव्यात आले आणि 1616 साली राचोल इथे त्यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले. सुमारे 11 हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला-गायला काही नव्हते, म्हणून हे पुराण झाले. छंद कुठला घेतला? ज्ञानेश्वर-एकनाथांचा. तेव्हा वारकऱ्यांपैकी कुणी उठून ‘ओवी आमची आहे, दाखला दाखवा’ असे म्हटले असते तर? तिकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना कुणी विचारले नाही, की मुसलमान असून अभंग कसे लिहिता. टिळक स्वतः म्हणत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल दोन्ही टोकांना उघडा असतो म्हणून त्याला पूल म्हणायचे. जो समाज आपल्या भजनाला छंद, ठेका, पेटी, टाळ, कीर्तनाची मांडणी हे सगळे शेजाऱ्याकडून घेतो, त्याने शेजाऱ्याला चार ओळी लिहू देताना दाखला मागावा हे बरे दिसत नाही. आणि हे सोलापूर आहे. इथल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या किती जणांच्या घरी कन्नड बोलतात, किती जणांच्या घरी तेलुगू, किती जणांच्या घरी मराठी? मोजायला कोण बसले आहे?

व्यासपीठ बळकावले जाण्याची भीती उरतेच. तिला उत्तर आहे, पण ते धर्माचे नको, अनुभवाचे हवे. दोन गट करा: ज्यांचे गीत आजवर कुठे छापले किंवा ध्वनिमुद्रित झालेले नाही त्यांचा एक, बाकीच्यांचा दुसरा. मुरलेला कवी ख्रिस्ती असो की नसो, नवख्यांच्या वाटेत येणार नाही. आणि ज्याला उपासना ठाऊक नाही त्याला एका रविवारी मागच्या बाकावर बसण्याचे आमंत्रण द्या. सक्ती नको. ज्याला चांगले लिहायचे असेल तो आपणहून येईल.

तिसऱ्या आक्षेपाकडे मंडळीतले लोक चिडून बघतात. चिडून उपयोग नाही. मिशनच्या इतिहासात शाळा, दवाखाना, दुष्काळातली भाकरी आणि बाप्तिस्मा या गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या आणि त्यावर स्वतः ख्रिस्ती विचारवंतांनीही प्रश्न विचारलेले आहेत. शेजाऱ्याला शंका आली तर ती आकाशातून पडलेली नाही. पण या विशिष्ट गोष्टीला ती शंका लागू पडते का? टिळकांची जखमी पक्षिणीवरची कविता मराठी पोरांच्या पिढ्यान् पिढ्यांनी शाळेत पाठ केली, रडत रडत म्हटली. कितींनी धर्म बदलला? 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, वर्षभर 56 गीते झाली. ती ऐकायला हिंदूंच्याच घरचे रेडिओ लागत होते असे थोडेच आहे? गाण्याने माणूस हलतो, हे कबूल. पण हलणे आणि फसणे यांत फरक आहे, आणि तो फरक उजेडात राहिला तर राहतो. म्हणून आयोजकांनी पथ्ये पाळावीत. कार्यक्रम सार्वजनिक सभागृहात घ्यावा, पुस्तकाचे नाव आणि नियम आधी जाहीर करावेत, गाण्यांच्या मध्ये आवाहन किंवा साक्ष, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवाचे कथन, घुसवू नये, सहभागींचे फोन नंबर इतर कुठल्या यादीत जाऊ देऊ नयेत. एवढे पाळूनही कुणी ओरडला तर तो त्याचा प्रश्न.

चौथा, पुस्तकाशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह. यातला खरा भाग एवढाच, की पुस्तकाने जे म्हटले नाही ते पुस्तकाच्या नावावर खपवू नये. पण त्यापलीकडे जाऊन जे लोक प्रत्येक ओळीला पान क्रमांक मागतात, त्यांनी वाल्मीकींच्या 24 हजार श्लोकांचे 56 गीतांत काय झाले ते पाहावे. पुस्तक आटवले जात नाही, त्यातला एक प्रसंग, एक प्रतिमा, एका पात्राचे तोंड उचलावे लागते. गीतरामायणात गोष्ट कवी सांगत बसत नाही, ती पात्रे आपापल्या तोंडाने गातात. श्रद्धेवरच्या पुस्तकातून गाणे काढताना याहून चांगला धडा नाही. ‘क्षमा’ या प्रकरणावर गाणे लिहायला बसलात की निबंध होतो. क्षमा मागायला दारापर्यंत येऊन परत गेलेल्या माणसाच्या तोंडून लिहिलेत तर गाणे होण्याची शक्यता आहे. शब्दाला चिकटून राहण्याचा हा आग्रह नवा नाही, हेही सांगायला हवे. इंग्लंडात एके काळी अनेक मंडळ्यांत बायबलमधल्या दाविदाच्या स्तोत्रांची पद्य भाषांतरेच गायची, माणसाने रचलेले काही गायचे नाही, असा दंडक होता. आयझॅक वॉट्स या इंग्रज गीतकाराने 1719 साली स्तोत्रांचा मोकळा, ख्रिस्ती अर्थ लावलेला अनुवाद छापला तेव्हा त्याच्यावर हेच आरोप झाले. आज त्याच मंडळ्या वॉट्सला जुना, भरवशाचा म्हणून गातात.

तर मग स्पर्धकाने पुस्तकाशी नाते दाखवायचे कसे? पाच ओळींची चिठ्ठी जोडावी: कुठल्या पानावरची कुठली प्रतिमा धरली आणि ती का. शंभरात याला दहा गुण पुरेत. उरलेले नव्वद गाण्याचे.

आता खरी मेख गाण्यात आहे, आणि तिथे कुणी बोलायला तयार नाही. नवख्या ख्रिस्ती गीतांत सगळ्यात जास्त काय बिघडते? नामांची रास. करुणा, कृपा, प्रकाश, प्रेम, शांती, तारण: दोन कडव्यांत सहाही येऊन जातात आणि डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. त्याच पानावरून दुसरे काही उचलता येते. मत्तयाच्या 25व्या अध्यायात ‘मी तान्हेला होतो’ असे वाक्य आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना तहान म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मग असे लिहिता येईल: ‘उंबऱ्याशी कोण, उभे अनवाणी, मागे घोट पाणी, दुपारचे’. मोजून बघा. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. हा मोठ्या अभंगाचा साचा. यात जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही, त्यामुळे नवख्याला सगळ्यात सोपा. साध्या केरवा तालात आठ मात्रा असतात. एका मात्रेला एक अक्षर धरले तर सहा अक्षरांनंतर दोन मात्रा आणि चौथ्या चरणानंतर चार मात्रा रिकाम्या राहतात. त्या चार मात्रांत टाळ वाजतो आणि शंभर माणसे एकदम श्वास घेतात. ज्याने आठ मात्रांत अकरा अक्षरे कोंबली त्याच्या गाण्यात समूहाला श्वास घ्यायलाच जागा नसते. मग लोक दुसऱ्या ओळीला गप्प होतात आणि कवीला वाटते, लोकांना भक्ती नाही.

शब्दांचे स्वभावही ओळखावे लागतात. ‘येशू’ची दोन्ही अक्षरे दीर्घ, कुठल्याही लांब सुरावर आरामात बसतो. ‘ख्रिस्त’ तसा नाही. ‘ख्रि’ ऱ्हस्व, पुढे ‘स्त’वर तोंड मिटते. लांबवायला गेलात की ‘ख्रीऽस्त’ होते आणि ऐकणाऱ्याला टोचते. म्हणून लांब सुरावर ‘ख्रिस्ता’ ही हाक घ्यावी, शेवटचा ‘आ’ हवा तेवढा उघडतो. ‘तारणारा’ हा शब्द बरोबर चार अक्षरांचा. चौथ्या चरणात असा काही चपखल बसतो, की बारा गाण्यांतल्या आठांचा शेवट त्यानेच होईल. परीक्षकांनी आधीच सांगून ठेवावे: एकदा चालेल, प्रत्येक कडव्याला नको. चाल बांधताना ‘दिवा’चा ‘दीवा’ आणि ‘फुले’चे ‘फूले’ होते का हे पाहायला सोपा उपाय आहे: पेटी बंद करून ओळ फक्त लयीत म्हणायची. जिथे बोलताना शब्द वाकडा होतो तिथे चालीत तो वाकडाच राहणार. मिशनच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले गेले तेव्हा हेच झाले. इंग्रजी चालीतला आघात पडायचा ऱ्हस्व अक्षरावर आणि मराठी जीभ ठेचकाळायची. टिळकांनी देशी छंदांचा आणि चालींचा आग्रह धरला, त्यामागे स्वाभिमान होता तसे हे साधे व्याकरणही होते.

पट्टीची चूक तर हमखास. चांगला गळा असलेली मुलगी पेटीच्या काळी चार पट्टीत, म्हणजे चौथी काळी पट्टी षड्ज धरून, चाल बांधते, वरच्या मध्यमापर्यंत जाते, टाळ्या घेते. रविवारी तेच गाणे मंडळीत सुरू झाले की पुरुष खालच्या सुरात गुणगुणतात आणि म्हाताऱ्या बायका पुस्तक मिटतात. समूहाला एका सप्तकाहून एखादाच सूर जास्त झेपतो. चाल खालच्या पंचमापासून मधल्या धैवतापर्यंत फिरत असेल तर पांढरी चार ठेवावी. मधल्या षड्जापासून वरच्या रिषभापर्यंत जात असेल तर पांढरी एक. दोन्हीकडे आवाजाची हद्द तीच पडते. आणि खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत फिरणारी चाल कितीही गोड असली तरी ती एकट्याने गायची चीज आहे.

म्हणून शंभरपैकी शब्दांना 40, चालीला 25, समूहाला गाता येण्याला 25, पुस्तकाशी नात्याला 10 अशी वाटणी असावी. शब्द आणि चाल यांचे गुण वेगळे का? ‘अमेझिंग ग्रेस’ या इंग्रजी भक्तिगीताचे शब्द जॉन न्यूटनने 1773च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी लिहिले, छापले 1779 साली. आज जी चाल जगभर गातात ती त्या शब्दांना 1835 साली चिकटली. अर्धशतकाहून जास्त काळ ते शब्द योग्य चालीविना होते. कवीला चाल सुचली नाही म्हणून त्याचे शब्द फेकायचे का? स्तोत्रसंहितेतही 55 स्तोत्रांच्या माथ्यावर ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना आहे, आणि 22व्या स्तोत्रावर तर ‘पहाटेची हरिणी’ या कुठल्याशा चालीचे नावच आहे. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गाणारे तिसरेच, हे तेव्हाही चालत होते. तेव्हा पुस्तक वाचायला दिल्यानंतर दोन आठवड्यांनी एक बैठक घ्यावी. तिथे कवी आणि चाल बांधणारे यांच्या जोड्या जमाव्यात, कच्चे खर्डे मोठ्याने वाचले जावेत, स्पर्धकांनी एकमेकांना सुधारणा सुचवाव्यात. दुसऱ्याची सुचवलेली ओळ घेतली तर चिठ्ठीत तसे लिहावे. मैत्री जी काय व्हायची ती या बैठकीत होते, बक्षीस समारंभात नव्हे.

समूहाची चाचणी अशी घेता येईल. गायक ध्रुपद दोनदा म्हणेल, तिसऱ्यांदा पहिली ओळ उचलून गप्प बसेल, पेटी चालू राहील. सभागृहाने दुसरी ओळ पुरी केली तर पुरे गुण, अर्ध्यावर विरली तर निम्मे. बारा गाणी, प्रत्येकी चार मिनिटे गाणे आणि तीन मिनिटे चाचणी, म्हणजे 84 मिनिटे. बाराहून जास्त प्रवेशिका आल्या तर पहिली फेरी कागदावर घ्यावी, नावाच्या जागी फक्त क्रमांक टाकून. नावांची यादी परीक्षक नसलेल्या माणसाकडे. ध्वनिमुद्रण मागवायचेच तर फोनवर, एका दमात, एक गळा आणि एक वाद्य. नाहीतर ज्याच्या मेव्हण्याचा स्टुडिओ त्याचे गाणे पहिले. एप्रिल-मे टाळावा हे वेगळे सांगायला नको. कोरड्या हवेत तबला चढतो आणि दर गाण्याआधी हातोडी काढावी लागते.

निकालाचे गणितही नीट बघायला हवे, कारण मैत्रीपूर्ण स्पर्धा बहुतेक वेळा इथेच मोडते. समजा, तीन परीक्षक आणि दोन गाणी. पहिला परीक्षक एका गाण्याला 70 आणि दुसऱ्याला 66 देतो, दुसरा 68 आणि 65. तिसरा गुणांत मोठे अंतर ठेवणारा, तो पहिल्याला 50 आणि दुसऱ्याला 75 देतो. बेरीज 188 विरुद्ध 206. तिघांपैकी दोघांना पहिले गाणे सरस वाटले, पण जिंकले दुसरे. पक्षपात कुणी केला नाही, तरी बाहेर चहाच्या टपरीवर पक्षपाताचीच चर्चा होणार. म्हणून गुणांचा उपयोग प्रत्येक परीक्षकाने आपला क्रम लावण्यापुरता करावा आणि बेरीज क्रमांकांची करावी. वरच्या उदाहरणात पहिल्या गाण्याचे 1, 1 आणि 2 मिळून 4, दुसऱ्याचे 2, 2 आणि 1 मिळून 5. कमी बेरीज पुढे. तेलुगू किंवा कन्नड गाणे आले तर सोबत मराठी अर्थाचे एक पान घ्यावे आणि तिघांत निदान एक परीक्षक ती भाषा बोलणारा असावा. सोलापुरात असा माणूस शोधायला दूर जावे लागत नाही.

राहिला हक्कांचा मुद्दा. ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ ही ओळ पत्रकावर डोळे मिटून छापली जाते. 1957च्या कॉपीराइट कायद्यात हक्क असे जाता जाता हस्तांतरित होत नाहीत. लेखी करार लागतो, त्यावर कवीची सही लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरतात. त्यापेक्षा कवीकडून एवढीच सही घ्यावी, की हे गीत उपासनेत गायला आणि पुस्तिकेत छापायला परवानगी आहे. बाकी हक्क त्याचे. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवणाऱ्यांनाही सांगून ठेवावे, की धार्मिक विधीत किंवा फुकट प्रेक्षकांसमोर हौशी गायनाला कायदा सूट देतो, पण तेच मुद्रित करून यूट्यूबवर चढवले की ती सूट पुरत नाही. पाळणा, भूपाळी, गोंधळ, भारूड यांच्या पारंपरिक चाली पडल्या आहेत, त्या घ्याव्यात. पुस्तकाच्या बाबतीत कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले आहे. प्रतिमा उचला, वाक्ये जशीच्या तशी उचलू नका. तेवढीही धास्ती नको असेल तर ज्याचा हक्क संपला आहे असे पुस्तक निवडावे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजायची. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, म्हणजे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आता सर्वांचे आहे. धर्म बदललेल्या नवऱ्यावर चिडलेली, सोवळे-ओवळे पाळणारी बाई एका दिवसात नव्हे, वर्षावर्षांनी कशी बदलत गेली हे त्यात आहे, आणि गाण्यांना लागणारी माणसे, भांडणे, हसू सगळे आहे.

अर्जाचा नमुना अजून छापायचा असेल तर त्यात रकाने सहा ठेवा: नाव, फोन, गट, भाषा, पट्टी, ताल. सातवा, श्रद्धेचा, ज्यांना हवा आहे त्यांनी तो कुठल्या परीक्षकाने तपासायचा आणि कशावरून, हे त्याच कागदाच्या मागे लिहून द्यावे.